निम्म्या गोळ्या

पाशामियाँ दमले होते. निजामाच्या राज्यात, उमरग्याच्या सडकेवरल्या दवाखान्यात वीस वर्षं कंपाउंडरकी करून माणूस दमणार नाही तर काय! त्यात लढाईचे दिवस, औषधांची बोंब. परम्यावरच्या, म्हणजे बाहेरख्यालीपणातनं जडणाऱ्या रोगावरच्या, गोळ्यांचा हैद्राबादहून एक डबा यायचा आणि दारात, लघवीला आग होते म्हणून माना खाली घालून दहा जण उभे. कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवणं पाशामियाँच्या जिवावर यायचं. एकाच्या गोळ्या ते दोघांना वाटायचे. तिसऱ्या दिवशी आग थांबायची, लोक दुवा द्यायचे. म्हाताऱ्याला बरं वाटायचं, खोटं कशाला बोला.

शरणप्पा गाडीवान त्यातलाच. सोलापूरला मिरची घेऊन जायचा अन् येताना दुखणं घेऊन यायचा. दोनदा निम्म्या गोळ्यांवर बरा झाला. तिसऱ्यांदा पुऱ्या दिल्या, तरी ढिम्म फरक नाही.

दवाखान्याचे डॉक्टरसाहेब भडकले. "निम्म्या मारानं जंतू मरतात होय, मियाँ? लेचेपेचे तेवढे मेले. गोळी पचवणारे उरले, आता त्यांचीच पिलावळ वाढली. तुम्हीच त्यांना निबर केलंत!"

 पाशामियाँनी शरणप्पाला बाजूला घेतलं. "बायकूला घिऊन ये. बाईच्या अंगात ह्ये दुखणं गुपचूप ऱ्हातंय, तिला कळत बी न्हाय. पर बाळंतपणात लेकराच्या डोळ्यात जातंय. जल्मताच औषध घालाय पायजे."

"तिला काय सांगू, चाचा? पैलटकरीण हाय. परवा म्हायेरी चालली."

"काय बी सांग, पर आण!"

त्यानं आणली नाही. लाज आडवी आली.

शरणप्पाची बायको तारामती आली ती बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी, पोरीला पदराखाली घेऊन. पापण्या पुवानं चिकटलेल्या. डॉक्टरसाहेबांनी त्या धुऊन कशाबशा उघडल्या. दोन्ही बुबुळं पांढरी पडली होती. "उशीर झाला," एवढंच ते बोलले. शरणप्पा दारातच खाली बसला.

तारामतीनं पाशामियाँपुढं हात पसरला. "चाचा, तुमी द्या की गोळ्या. तुमच्या हाताला लई गुण हाय, हे म्हनत हुते. न्हाय पुरत तर निम्म्या द्या."

"निम्म्या नगं, बेटी." पाशामियाँ म्हणाले. "त्या निम्म्यांनीच घात केला. माझ्याच हातानं."

तिला काही उमजलं नाही. तिचा हात तसाच पसरलेला राहिला.