उजवीकडची पानं

मी पॅड बोलतोय. हो, तोच, परीक्षेला काखेत मारून नेतात तो. भुसा दाबून केलेली तपकिरी फळी आणि डोक्यावर लोखंडी चिमटा, एवढंच माझं रूप. माझ्यावर कोणी चित्र काढत नाही, माझ्यावर लावलेल्या कागदावर काढतात. म्हणजे कौतुक कागदाचं आणि दाब माझ्या अंगावर. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कोणी काय काढलं ते कागदाबरोबर निघून जातं, पण किती जोर लावून काढलं ते माझ्याकडे राहतं. त्याचे चरे पडतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्याचा उलगडा सगळ्यांनी या चऱ्यांवरूनच केला, आणि तो चुकीचा होता.

मी दुकानातून आलो तो एका घरातल्या मोठ्या मुलीसाठी. परीक्षेच्या नावाने मला आणलं खरं, पण माझ्या वाट्याला गणितं कमी आणि फुलं जास्त आली. मोठीला फुलं काढायचा भारी नाद. कुंडी काढायची, देठ काढायचं, पानं लावायची, वर फूल टेकवायचं. मोकळा कागद दिसला की झालीच सुरुवात. आणि हात असा जड की मला वाटायचं, ही चित्र काढतेय की बी पेरतेय?

तिची धाकटी बहीण तिच्याहून बरीच लहान. तिला चित्रातलं ओ की ठो येत नव्हतं. मोठीने तिला शिकवायचा विडा उचलला. दोघी जमिनीवर पालथ्या पडायच्या, मध्ये मी. मोठीची एक पद्धत होती. झाडाची डावी बाजू ती काढायची आणि उजवी धाकटीला काढायला लावायची. समोर बघून काढायचं, म्हणजे अगदी नवख्या माणसालाही जमतं, असं तिचं म्हणणं.

"ताई, माझं पान चपलेसारखं झालं," धाकटी कुरकुरायची.

"होऊ दे. झाडाला काय कळतंय?" असं म्हणत मोठी त्या चपलेखाली बरोबरची खूण करायची. खाली एक छोटीशी रेघ, मग वर लांब झोकदार रेघ. पान कितीही वाकडं असो, ती खूण ठरलेली. धाकटी सगळं सहन करायची ते त्या खुणेसाठी.

शेवटच्या दिवशी मोठीने कुंडी काढली, देठ काढलं, डावीकडचं पहिलं पान काढलं, तेवढ्यात खिडकीखालून मैत्रिणींनी धाकटीला हाक मारली. ती उठून पळाली.

"अगं, तुझी बाजू?"

"नंतर काढते ना!"

"बरं. मी डावीकडचं पुरं करून ठेवते. तू ये मात्र."

पण ते पुरं झालं नाही. मोठीला त्याच संध्याकाळी ताप भरला. तिला दवाखान्यात नेलं, आणि दवाखान्यातून ती घरी आली नाही. कागद कुणीतरी काढून घेतला. मी तिच्या खोलीत कपाटामागे उभा राहिलो, जुन्या फुलांच्या पुसट चऱ्यांवर शेवटची कुंडी, देठ आणि एक पान ठळक घेऊन. त्या खोलीचं दार आईने लावून टाकलं.

दाराआडून घर ऐकत माझी किती वर्षं गेली कोण जाणे. बाबा गेले ते कळलं. धाकटीचा आवाज बाईमाणसाचा झाला, ती चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली. आई फोनच्या कचेरीतून निवृत्त झाली आणि त्यानंतर तिचं बोलणंच आटलं. ती दुपारभर या खोलीत येऊन बसायची, मोठीच्या पलंगाच्या कडेला, हात मांडीवर ठेवून. जेवायला हाक मारली तरी उठायची नाही. धाकटी दाराशी यायची, "आई, अगं मी आहे ना अजून," म्हणायची. आई तिच्याकडे बघायची आणि पुन्हा भिंतीकडे बघायची. मला तेव्हा धाकटीचं फार वाईट वाटायचं.

शेवटी धाकटीने मनाचा हिय्या केला. खोली उघडी केली, सामान आवरलं, आणि एक खोकं भरून वाचनालयाला देऊन टाकलं. त्यात मीही गेलो. जुना पॅड कोण ओळखणार? तिने माझ्यावरून हातसुद्धा फिरवला नाही.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक बाई चित्रांचा वर्ग घ्यायच्या. ज्यांनी शाळेनंतर पेन्सिल हातात धरलेली नाही, अशांसाठी साधी फुलं, साधी झाडं. तिथे टेबलाच्या टोकाला पॅडची चळत असायची, त्यात मी जाऊन पडलो. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका यायचे, त्यांचं कुठलंही फूल छताच्या पंख्यासारखं दिसायचं. बाई कुणाला हसायच्या नाहीत. "टिंबापासून सुरू करा, पाकळ्या आपोआप येतात," एवढंच सांगायच्या. मला ती खोली आवडली. उजेड भरपूर, माणसं चुका करणारी.

आणि एके सकाळी धाकटी आईला हाताला धरून त्या वर्गात घेऊन आली. आईने घराबाहेर पडावं, चार माणसांत बसावं, म्हणून तिने नाव घातलं होतं. आईला दारात सोडून ती कामावर गेली. आई चळतीजवळ आली. वरचे चांगले नवे पॅड तिने बाजूला केले आणि तळातून मला ओढून काढलं. तिने मला निवडलं असं मी म्हणणार नाही. ती बघत नव्हतीच. तिचा हात बघत होता.

बाईंनी त्या दिवशी पाच पाकळ्यांचं फूल शिकवलं. आईने पेन्सिल टेकवली आणि काढली कुंडी. मग देठ. मग डावीकडे एक पान. बाई म्हणाल्या, "वा काकू, तुम्ही तर पुढे गेलात." आईने पेन्सिल खाली ठेवली. कागदाकडे बघता बघता तिचे ओठ हलायला लागले.

पुढच्या खेपेला पुन्हा तेच झाड, पण डावीकडे आणखी एक पान. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी एक. उजवी बाजू रिकामी. बाई म्हणाल्या, "काकू, इकडे पण काढा की." आईने पेन्सिल उजवीकडे नेली, पण हात तिथे थबकला, पुढे जाईना. "मी मदत करू?" म्हणत बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग पदराला पुसला. आईचा हात बर्फासारखा गार होता. माझ्यावर टेकलेला असल्यामुळे मला ते आधीच ठाऊक होतं.

काका शेजारी बसायचे. तेही एकदा म्हणाले, "काय हो, तुमच्या पेन्सिलीला टोक काढावंच लागत नाही का? माझी बघा, संपत आली." कुणीतरी हसलं. पण सगळ्यांनी आईच्या पेन्सिलीकडे पाहिलं, आणि ती पहिल्या दिवशी होती तेवढीच होती.

बाई शहाण्या होत्या. एकदा आई हात धुवायला गेली तेव्हा त्यांनी माझ्यावर कोरा कागद लावला, पेन्सिल आडवी धरून भराभर घासली. कागद काळा होत गेला आणि जिथे माझे चरे होते तिथे पांढऱ्या रेघा उमटल्या. कुंडी दिसली, देठ दिसलं.

"हे बघा," बाई काकांना म्हणाल्या. "कुणीतरी आधी काढून ठेवलंय. काकूंची पेन्सिल चऱ्यात घसरते, बाकी काही नाही."

काकांनी सुस्कारा सोडला. बाई मात्र कागद उजेडाकडे धरून बघत राहिल्या. त्यावर कुंडी होती, देठ होतं आणि एक पान होतं. एकच. बाकीची पानं कुठे? बाईंनी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

त्यांना जे कळत नव्हतं ते मला कळत होतं. माझ्या अंगावर किती चरे आहेत हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? दुसऱ्या पानाला चरा नव्हता, तिसऱ्याला नव्हता. आईची पेन्सिल तर कागदाला जेमतेम शिवायची. वरून आलेला दाब मी झोपेतही ओळखतो. हा दाब वरून येत नव्हता. तो आतून येत होता, मागच्या बाजूने, कुणीतरी माझ्याखाली पालथं पडून वर बघत काढावं तसा. आणि हात जड होता.

मी साधा पॅड. मी घाबरलो.

आई मात्र खुलली. म्हणजे वर्गात खुलली. घरी काय चाललं होतं ते मला बाईंच्या आणि तिच्या बोलण्यावरून कळलं.

"काकू, तुम्ही वाळत चाललात. जेवता ना वेळेवर?"

"आता काय जेवायचं? थोडंच राहिलंय. पानं झाली, आता फूल. झाड पुरं झालं की ती येणार मला न्यायला."

"कोण येणार?"

"माझी मोठी."

हे ती इतक्या सहज म्हणाली की बाईंच्या हातातला खडू खाली पडला. त्या दिवशी कागदावर फुलाचं टिंब आलं आणि टिंबाच्या डाव्या अंगाला पाकळ्या आल्या. उजवीकडे काहीच नाही. भर सकाळच्या उजेडात ते अर्धं फूल बघवत नव्हतं. आईचा श्वास हळूहळू मंद होत चालला होता. बाईंनी बाहेर जाऊन धाकटीला फोन केला.

धाकटी दुकानातून तशीच धावत आली, गळ्यातल्या दोरीला मोजमापाची पट्टी लोंबत होती. तिने आधी मलाच आईच्या हातातून ओढायला घेतलं. आईने मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. कुठून आला एवढा जोर, देव जाणे. "हे नेऊ नकोस गं. शेवटचं राहिलंय," ती म्हणाली.

त्या ओढाताणीत धाकटीची नजर कागदावर गेली. तिने मला सोडलं. खुर्ची ओढून ती आईशेजारी बसली, बसली कसली, कोसळली.

"डावीकडचंच आहे सगळं," ती म्हणाली.

बाई म्हणाल्या, "उजवीकडे हात जातच नाही त्यांचा."

"जाणारच नाही. ती बाजू माझी आहे." धाकटीचा आवाज एकदम लहान मुलीचा झाला. "ती म्हणाली होती, मी डावीकडचं पुरं करून ठेवते, तू ये. मी गेलेच नाही. खेळायला पळाले."

बाईंनी गुपचूप आपली पेन्सिल तिच्यापुढे ठेवली. धाकटी म्हणाली, "मला काढता येत नाही हो." आणि मग काढायला लागली. समोर बघून, एकेक पान. तिच्या हाताला कुणी ओढत नव्हतं, कुठे चरा नव्हता, सगळी मेहनत तिची तिलाच करावी लागली. रेघ थरथरायची, पेन्सिल मोडायची, बाई टोक काढून द्यायच्या. पहिलं पान वाकडं, दुसरं त्याहून वाकडं. शेवटी टिंबाच्या उजवीकडच्या पाकळ्या. तिची शेवटची पाकळी मोठीच्या पहिल्या पाकळीला जाऊन मिळाली तेव्हा माझ्या आतला तो दाब हळूच सुटला, मुठीतलं बोट सुटावं तसा.

आईने मान वर केली. "तू कशाला काढलंस? आता ती यायची नाही मला न्यायला."

"ती तुला न्यायला येतच नव्हती आई. मला बोलवत होती."

आईने कागद जवळ ओढला. मग तिने उजवीकडच्या पहिल्या पानावर बोट ठेवलं.

"तुझी पानं अजून चपलेसारखीच होतात गं," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. हसता हसता ती रडायला लागली, आणि रडता रडता तिने धाकटीला जवळ ओढलं. तिचा हात माझ्यावरच होता. तो ऊन होत होता.

"चल घरी," ती म्हणाली. "भूक लागलीय मला."

बाईंनी विचारलं, "पॅड नेता का?" धाकटीने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "राहू दे इथेच. शिकणाऱ्यांच्या कामी येईल."

सगळे गेले. बाईंनी खिडक्या लावल्या, दार ओढून घेतलं. मी टेबलावर उताणा पडलो होतो, अंगावर कागद नव्हता, खोलीत कुणी नव्हतं. काचेतून ऊन येत होतं. आणि माझ्या उजव्या अंगाला, खालच्या बाजूला, पुन्हा तो दाब आला. खाली एक छोटीशी रेघ. मग वर एक लांब, झोकदार रेघ.

त्यानंतर आजपर्यंत काही झालेलं नाही. आई अजून वर्गाला येते, नवा पॅड घेते, दोन्ही बाजूंची पानं काढते, आणि तिच्या पेन्सिलीला आता चारचौघांसारखं टोक काढावं लागतं. माझे कोपरे फुगले आहेत, चिमटा गंजला आहे. मी चळतीच्या तळाशी असतो. मला कुणी घेत नाही, बाईंनी कुणाला घेऊ दिलेलं नाही.

तुम्हाला एक विनंती आहे. मला तोंड नाही, नाहीतर मीच सांगितलं असतं. चष्म्याच्या दुकानात कधी गेलात आणि गळ्यात मोजमापाची पट्टी लटकवलेली ती बाई भेटली, तर तिला एवढा निरोप द्या. म्हणावं, वाचनालयात वर जा, तळातला जुना पॅड काढ, त्याच्यावर कोरा कागद लाव आणि पेन्सिल आडवी धरून उजवीकडे खाली घास. तुझं चित्र ताईने तपासलंय.