मोठा कॅम

लष्करातून निवृत्त झाल्यावर गोरक्षनाथनं काष्टीत दौंड रस्त्याला गॅरेज टाकलं, त्याला आता बारा वर्षं झाली. त्याआधीची सत्तावीस वर्षं त्यानं सरकारी ट्रकांची इंजिनं उघडली आणि जोडली, तीही पुस्तकात लिहिलंय तशीच. गॅरेजातही ट्रॅक्टर आणि पिकअप सोडून फारसं काही येत नव्हतं. त्यामुळं कर्जतच्या रोहिणीनं सात लिटर इंजिनाची जुनी अमेरिकन गाडी ट्रेलरवरून आणली, तेव्हा तो बराच वेळ नुसता तिच्याभोवती फिरत राहिला.

गाडी रोहिणीच्या वडिलांची. ते गेल्यापासून सहा वर्षं ती शेडमध्ये उभी होती. आता ती चालती करून शाळेला त्याच गाडीनं जायचं, असं रोहिणीच्या मनात होतं. ती श्रीगोंद्याला गणित शिकवायची.

इंजिन उघडलं तर कॅमशाफ्ट झिजलेला निघाला. व्हॉल्व्ह किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, हे तो दांडा ठरवतो. नवा मागवायलाच हवा होता, पण कोणता? पुण्याच्या आयातदारानं यादी पाठवली. एक मूळच्यासारखा, लहान होता, कमी वेगात ओढणारा. दुसरा मोठा. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा, वेगात जोर लावणारा, आणि गाडी उभी असताना इंजिन जागच्या जागी अडखळत धडधडवणारा.

रोहिणीचा धाकटा भाऊ अंगद बरोबर होता. त्यानं मोबाईलवर ती धडधड ऐकवली. गोरक्षनाथनं ती दोनदा ऐकली. मग त्यानं सांगायचं ते सांगितलं. हा मोठा कॅम शर्यतीला ठीक, बाजारातून हळू जायला न्हाई. एवढंच बोलला. खरं तर अजून एक गोष्ट सांगायची राहिली होती. त्या गाडीचा ब्रेक इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालायचा, आणि मोठा कॅम उभ्या इंजिनाची ती ओढच कमी करतो.

अंगद मोठ्यावर अडून बसला. रोहिणी म्हणाली, "काका, मला यातलं कळत नाही. तुम्ही ठरवा."

गोरक्षनाथनं मोठा मागवला.

कॅम आला. नवे टॅपेट, नव्या स्प्रिंगा बसवून त्यानं इंजिन चालू केलं, वीस मिनिटं वेग वाढवून ठेवला आणि मग खाली आणला. पत्र्याचं शेड थरथरायला लागलं. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबली. व्हॅक्यूमचा काटा लावला, तर तो नऊच्या आकड्याजवळ थरथरत होता. सोळाच्या पुढं असायला हवा, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं काटा काढून खणात टाकला आणि उभा राहून ऐकत राहिला.

शनिवारी रोहिणी गाडी न्यायला आली. गोरक्षनाथ शेजारी बसला. बाजाराचा दिवस, रस्त्यात बैल, टेम्पो, माणसं. गाडी ऑटोमॅटिक गिअरची. पाय ब्रेकवरून उचलला की आपोआप पुढं सरकायची. रोहिणीनं एकदा ब्रेक दाबला, दोनदा दाबला. तिसऱ्यांदा पेडल दगडासारखं झालं. तिनं दोन्ही पाय लावले तरी गाडी सरकतच होती. पुढं म्हातारी केशरबाई टोमॅटोची कॅरेटं मांडून बसली होती. गोरक्षनाथनं गिअरचा दांडा न्यूट्रलला ढकलला. दोन कॅरेटं चेपून गाडी थांबली. म्हातारी वेळेवर सरकली होती. तिच्या कोपराला तेवढं खरचटलं.

लोक जमले, बोलले आणि पांगले. केशरबाईच्या हाताला पट्टी बांधून आणल्यावर रोहिणी गाडीपाशी आली.

"ब्रेकचं असं होईल, हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग?"

गोरक्षनाथनं अंगदचं नाव घेतलं असतं तर चाललं असतं. ते त्याच्या ओठांवर आलंही होतं.

"मला बी त्यो आवाज ऐकायचा हुता, ताई," तो म्हणाला. "सत्तावीस वर्षं असलं इंजिन कधी हाताखाली आलं न्हाई. तुमाला ब्रेकचं सांगितलं असतं, तर तुमी न्हाई म्हनला असता."

रोहिणी पाण्याची बाटली उघडून प्यायली, त्याच्याही पुढं धरली. मग म्हणाली, "लहान कॅम मागवा. या वेळी काट्यावर काय येतं, ते मला समोर बघायचंय."

लहान कॅम बसवला त्या दिवशी ती रजा टाकून आली. काटा सतरावर स्थिर राहिला. इंजिन इतकं शांत होतं की शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या आवाजात ते ऐकूच येईना. तिनं स्वतः आठ-दहा वेळा ब्रेक दाबून पाहिला आणि गाडी घेऊन गेली. अंगद चार महिने गोरक्षनाथशी बोलला नाही. नंतर त्याच्या ट्रॅक्टरचा क्लच जळाला तेव्हा आला.

रोहिणीची गाडी आता आठवड्यातून दोनदा श्रीगोंद्याला जाते. ऑईल बदलायला ती गोरक्षनाथकडंच येते. पण काम चालू असताना खुर्चीवर बसत नाही. जवळ उभी राहून प्रत्येक गोष्ट विचारते. तोही हात थांबवून, आधी सगळं सांगतो आणि मगच पाना लावतो.