चहाच्या आधी उघडलेलं स्टिअरिंग

आमच्या दुकानात एक नियम आहे आणि तो दादाचा आहे, त्यामुळे त्यावर अपील नाही. स्टिअरिंग उघडायचं असेल तर आधी बॅटरीची वायर काढायची, मग खाली बसून एक अख्खा कप चहा प्यायचा, आणि कप रिकामा झाल्याशिवाय स्टिअरिंगला बोटही लावायचं नाही. स्टिअरिंगच्या मधल्या झाकणाखाली एअरबॅग असते. बॅटरी काढली तरी तिच्यात काही वेळ जीव राहतो, आणि तेवढ्यात कुणी चुकीची वायर ओढली तर ती तोंडावरच फुटते. एका फिटरचा जबडा असा मोडलेला दादाने स्वतः पाहिला होता. तो जबडा त्याने आम्हाला इतक्यांदा सांगितलाय की त्यातले दात मला पाठ आहेत. ताईच्या लग्नात जेवताना त्याने तो तिच्या सासऱ्यांनाही ऐकवला. सासऱ्यांनी घास परत ताटात ठेवला.

मी दादाची धाकटी बहीण. गाडीतले स्टिरिओ, स्पीकर, कॅमेरे हे माझं खातं. वायरिंग आणि स्टिअरिंग दादाचं. तो मला मिरची म्हणतो, आणि का म्हणतो हे गिऱ्हाइकांना पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

आमच्या दोघांच्या मधली ताई. तिने दोन वर्षांपूर्वी एका डीलरकडून जुनी गाडी घेतली. त्या गाडीचं सगळं काम दादा स्वतःच करतो, मला हात लावू देत नाही. रोज भाचीला शाळेत सोडायचं आणि तसंच कामावर जायचं. मागच्या सीटवरून भाचीची फर्माईश चालू असते, आवाज वाढव, हे नको, पुढचं लाव. त्यात ताईचा डावा खांदा आखडला. स्टिरिओकडे हात न्यायचा म्हणजे आधी अंग वळवायचं, मग कळ सोसायची, आणि तोवर रस्त्याकडे बघायचं कुणी? एकदा अशीच गाडी दुभाजकाला घासली. फार काही झालं नाही, पण ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

मी म्हटलं, तुझ्या स्टिअरिंगवर बटणं बसवून देते. आवाज अंगठ्याने कमी-जास्त, गाणं अंगठ्याने पुढे-मागे, हात जागचा हलायला नको.

दादाने नाक मुरडलं. आधी म्हणाला, जुन्या गाडीला बसायची नाहीत. मग म्हणाला, सेट मिळत नाही. मग म्हणाला, मिळाला तरी स्टिअरिंगच्या चाकामागची केबल वेगळी येते. माझं डोकं फिरलं. जो माणूस लोकांच्या खटारा गाड्यांना वाट्टेल ते बसवून देतो, तो सख्ख्या बहिणीच्या वेळी इतकी चालढकल का करतो? मी भंगारवाल्याकडे जाऊन याच गाडीचं महागडं मॉडेल शोधलं, त्याची बटणं काढली, चाकामागची गुंडाळीची केबलही काढली. टेबलावर मीटर लावून एकेक बटण तपासलं. प्रत्येक बटणाचा आकडा वेगळा येतो, आणि नवीन स्टिरिओला एकदा शिकवलं की कुठलं बटण कशाचं हे तो लक्षात ठेवतो. सगळं चोख होतं. ते दादासमोर ठेवलं आणि म्हटलं, "आता बोल."

दादाने एक बटण अंगठ्याने दाबून बघितलं. "ठीक आहे," तो म्हणाला. "चाक मी उघडतो. तू वायरवर चढवायची स्लीव्ह घेऊन ये. संपलीये."

मी निघाले. कोपऱ्यावर पोचले आणि सुटे पैसे बघायला एप्रनच्या खिशात हात घातला, तर स्लीव्हचं अख्खं बंडल खिशातच. स्वतःलाच दोन शिव्या घातल्या आणि मागे फिरले.

ताईची गाडी दुकानाच्या आतल्या बाजूला उभी होती. दार उघडं होतं आणि आतला दिवा चालू होता. डॅशबोर्डवरचं घड्याळही चालू. म्हणजे बॅटरी काढलेलीच नव्हती. आणि स्टिअरिंगचं मधलं झाकण बाजूला लोंबत होतं, आणि दादा हनुवटी जवळजवळ चाकावर टेकवून आतल्या वायरी ओढत होता.

ओरडले तर त्याचा हात हलेल म्हणून मी अगदी हळू म्हणाले, "दादा, हात बाहेर काढ. सावकाश. बॅटरी चालू आहे."

तो दचकला, पण हात मागे घेतला नाही. उलट त्याने पंजा चाकाच्या मधोमध ठेवला, झाकल्यासारखा. एअरबॅगला घाबरणारा माणूस असं करत नाही. तो घाबरला होता, पण मला.

"इतक्यात कशी आलीस?" त्याने विचारलं.

मी आधी बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढली. नट सोडवताना पाना दोनदा घसरला. मग गाडीच्या दाराशी आले आणि त्याचा पंजा उचलून बाजूला केला.

आत एअरबॅग नव्हतीच. गादीतला असतो तसला पिवळा फोम होता. सुरीने गोल कापून आत बसवलेला. एअरबॅगच्या वायरी दुसरीकडे फिरवून जोडल्या होत्या, चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा तिचा लाल दिवा लागून शहाण्यासारखा विझावा म्हणून. त्या जोडावर टेपच्या आत शिवणाचा दोरा गुंडाळलेला होता. टेपच्या आत दोरा गुंडाळणारा माणूस मी जगात एकच पाहिलाय. मलाही त्यानेच शिकवलं.

मी बाजूला पडलेल्या टायरवर बसले.

"तू केलंस?"

"ताईने गाडी घ्यायच्या आधीचं आहे," दादा म्हणाला. "तो डीलर आणायचा. ठोकलेल्या गाड्या, एअरबॅग फुटलेल्या. म्हणायचा, नवीन परवडत नाही, वरून नीट दिसू दे, तुझा हात चांगला आहे. कुणाकडे जाणार ते मला काय माहीत?"

"पण ताई घेऊन आली तेव्हा कळलं ना?"

"कळलं."

"मग?"

"अभिनंदन केलं." तो खाली बघत होता. "वाटलं, गुपचूप नवीन घालून देऊ. मग राहून गेलं. मग सांगायचीच लाज वाटायला लागली."

दोन वर्षं. दोन वर्षं तो ताईच्या गाडीला मला हात लावू देत नव्हता, आणि मी समजत होते की तिच्यावर त्याचा जास्त जीव आहे. मला त्याच्या अंगावर धावून जायचं होतं.

तेवढ्यात ताई आली. हातात थर्मास, खांद्याला पर्स, चेहरा खुशीत. स्टिअरिंगचं काम असलं की चहा तीच आणते. "चला," ती लांबूनच म्हणाली, "जबड्याचा चहा आलाय."

मग ती गाडीपाशी पोचली आणि थांबली. ताईला गाडीतलं काही कळत नाही. कुठलं तेल कुठे घालतात तेही नाही. पण दादाचा नियम तिला पाठ आहे.

"चहा तर माझ्या हातात आहे," ती हसत म्हणाली. "मग हे उघडलं कधी?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग त्या फोमकडे, मग दादाकडे. हसू तिच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं.

"दादा, तुला भीती नाही वाटली?"

दादाला खोटं बोलता आलं असतं. मी त्याच्या बाजूने एवढंच सांगेन की तो खोटं बोलला नाही.

"आत घाबरण्यासारखं काही नव्हतंच," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. त्याचं बोलणं संपल्यावर तिने थर्मास बॉनेटवर ठेवला, मागचं दार उघडून भाचीची पाण्याची बाटली आणि रंगपेटी काढून घेतली.

"मी रोज पोरीला सांगते," ती म्हणाली, "मामाने तपासलेली गाडी आहे, घाबरू नकोस."

ती वळून रस्त्याकडे चालायला लागली. दादा धडपडत गाडीतून उतरला. "अगं थांब. मी सोडतो तुला."

"कुठल्या गाडीतून?" ताईने विचारलं, आणि ती थांबली नाही.

दादा दुकानाच्या दारात उभा राहिला. तिच्या मागे जायची त्याची हिंमत झाली नाही. दुकानात बऱ्याच गाड्या उभ्या होत्या. काही त्याच डीलरकडून घेतलेल्या, विश्वासाने आमच्याकडे येणाऱ्या लोकांच्या. मी एकेकीच्या स्टिअरिंगकडे बघितलं. दादा माझ्याकडे बघत होता आणि मी काय विचारणार ते त्याला कळलं होतं, पण त्याने मान खाली घातली.

मी उठले. पहिल्या गाडीचं बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढली. मग ताईच्या थर्मासमधला चहा कपात ओतला आणि प्यायला बसले.