झाडं काढलेला डोंगर

"आता झाडं काढा," सर म्हणाले.

मालसुनचा हात माऊसवर थबकला. दुपारपर्यंत शाळेच्या मुलांसाठी भात रांधायचा आणि संध्याकाळी कॉलेजात डिजिटल नकाशे, रिमोट सेन्सिंग शिकायचं, असं तिचं वसंतापासून चाललं होतं. सर तिच्या मुलाच्या वयाचे.

"घाबरू नका मावशी, डोंगराला काही होत नाही. विमानातून सोडलेला किरण पानांच्या फटीतून जमिनीला टेकून परत आलाय. तेवढेच ठिपके ठेवायचे."

तिनं बटण दाबलं आणि पडद्यावरचं रान विरून गेलं. तिच्या गावामागचा डोंगर उघडा झाला. ओढ्यांच्या शिरा, बुजलेल्या वाटा, आणि उत्तरेच्या सोंडेवर तीन गोल उंचवटे, जुन्या कबरींसारखे. वर दोन, त्यांच्या पायाशी एक. तिचे हात आपोआप जुळले. बुद्धाला सगळं असंच दिसत असेल, पानांआडचंही.

मग तिनं ते उंचवटे पुन्हा मोजले. सासऱ्यांना त्यांच्या आईवडिलांच्या पायाशी पुरलं होतं. पुढं वादळात वाट वाहून गेली, रान माजलं. थोरल्या दिरांनी दक्षिणेच्या सोंडेवर एक एकटी कबर शोधून काढली. "हेच बाबा. वरच्या दोन वाहून गेल्या असतील," म्हणाले. तेव्हापासून दर शरदात पूर्वजांच्या सणाआधी तिथलंच गवत कापलं जायचं, तिथंच दारू वाहिली जायची. दीर शहरात गेले, नवरा जहाजावर. विळा मालसुनच्या हाती आला. आणि सासूबाईंची तर एकच इच्छा होती, मेल्यावर नवऱ्याशेजारी जागा मिळावी.

घरी सासूबाई मुळा सोलत होत्या.

"आई, आपण चुकीच्या कबरीला नमस्कार करत होतो."

सुरी थांबली. "कोण म्हणतं?"

"मीच. मी झाडं काढून बघितलं."

"तू झाडं काढलीस? भाताची खरवड निघत नाही तुझ्याच्यानं."

मालसुननं छापून आणलेला नकाशा पुढं ठेवला. म्हातारीचं बोट त्यावरून फिरलं. "हे माझे सासरे. ही सासू, मेल्यावरही माझ्या वरच बसलीय. आणि हे..." बोट तिथंच राहिलं.

त्या म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी परक्या पुरुषाला दारू पाजली."

"त्यानंही कधी नको म्हटलं नाही, आई."

"त्याचं कुणी नसेल गं. त्याचंही गवत कापत जा."

रविवारी मालसुन त्यांना पाठुंगळी घेऊन डोंगर चढली. नकाशानं दाखवलेल्या जागी नुसतं ओकचं रान होतं. विळ्यानं झुडपं सारली तेव्हा जमीन हळूच वर उचललेली दिसली, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी. आकाशातून टिपलेलं ते इथं, हाताखाली होतं.

सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी उंचवट्यावरून हात फिरवला, डाव्या बाजूची जागा चाचपली, पाचोळा सारला आणि कपडे नीट सावरून तिथं आडव्या झाल्या. डोकं वरच्या दोघांकडं, पाय दरीकडं.

"मुळं टोचतात का, आई?"

"गप्प. थोडा वेळ पडू दे."

मालसुननं विळा खाली ठेवला आणि ती त्यांच्याकडं पाठ करून उभी राहिली.