गल्लीने केलेले भाऊ

आमच्या गल्लीतल्या निम्म्या माणसांच्या तोंडात कवळीदादांचे दात होते, आणि त्या दातांनी जे चावायचं ते धाकट्यांच्या भट्टीतून येत असे. खाली पावाची भट्टी, वर कवळ्यांची खोली. धाकटे पाव इतका कडक भाजायचे की तो खाता खाता दात हलला की माणूस सरळ जिना चढायचा. दादांच्या खोलीत फळीवर सगळ्या गिऱ्हाइकांचे प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत. अख्खी गल्ली तिथे कायमची हसत बसलेली. एकदा भूकंपाचा हलका धक्का बसला तेव्हा ते सगळे जबडे एकदम वाजले, आणि खालून जाणारी शिंपीण म्हणाली, "मीटिंग सुरू झाली वाटतं."

हे दोघं ऐन तारुण्यात एक ट्रंक आणि पीठ मळायची एक परात घेऊन आले होते. घरमालकीणबाईंचा नियम असा की जागा फक्त कुटुंबाला. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्ही दोघं एकमेकांचे कोण?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या पाहण्यातच उत्तर इतकं लख्ख होतं की ते कानावर पडायच्या आत बाईंनीच घाईघाईने सांगून टाकलं, "भाऊच असणार. नाकावरूनच कळतंय."

एकाचं नाक पोपटाचं, दुसऱ्याचं बटाट्याचं. पण बाईंना खोली द्यायची होती.

मग गल्लीने काम हाती घेतलं. भाऊ म्हटले की आई हवी. शिंपिणीने त्यांना आई दिली, संधिवाताची. मास्तरांनी वडील दिले, तापट. मी त्यांना विहिरीत पडून वाचलेला एक मामा दिला, पण तो कुणाच्या फारसा पचनी पडला नाही. उंच तो दादा आणि बुटका तो धाकटा, हेही आम्हीच ठरवलं. खरं तर धाकटेच वयाने मोठे होते. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि कुणीच काही बोलत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. फसला असेल तर एकच माणूस, गल्लीच्या टोकाला लहानाचे मोठे झालेले विवाह नोंदणी कचेरीतले साहेब. सांगितलं ते खरं मानायचं, अशी त्या माणसाची जडणघडणच होती.

पुढे तो कायदा गाजू लागला. पुरुषाने पुरुषाशी आणि बाईने बाईशी लग्न करावं की करू नये. टीव्हीवर तेच, न्हाव्याच्या खुर्चीत तेच. धाकट्यांच्या दुकानापुढे पावासाठी दोन रांगा लागायला लागल्या, एक बाजूवाल्यांची, एक विरोधकांची. धाकटे दोन्ही रांगांना एकाच घाण्याचा पाव द्यायचे.

"धाकटे, तुमचं मत काय हो?" शिंपीण मुद्दाम विचारायची.

"भट्टीत आहे. फुगलं की काढतो."

वाचनालयात जाहीर सभा झाली. विरोधी बाजूने मास्तर उभे राहिले. मास्तर म्हणजे तत्त्वाचा माणूस. बायकोशी भांडतानासुद्धा आधी प्रस्तावना करणारे. "विवाह ही संस्था," ते गरजले, "आजवर ज्या पायावर उभी आहे, तो पाया..." आणि 'पाया'ला इतका जोर लागला की वरची कवळी सुटली, अध्यक्षांच्या डोक्यावरून गेली आणि समोरच्या वक्त्याच्या पाण्याच्या पेल्यात जाऊन बसली. सभा गार. मागच्या रांगेतून कवळीदादा उठले. पेल्यातून कवळी काढली, रुमालाने पुसली, खिशातल्या कानशीने कडेला दोनदा घासली आणि मास्तरांच्या हातात दिली.

"आता नाही सुटायची. बोला मास्तर. पायापर्यंत आला होतात."

आणि मास्तरांनी ते वाक्य पुरं केलं. दादांच्या दातांनी, दादांच्या विरुद्ध, एकही अक्षर न अडखळता. टाळ्या पडल्या. दादा पण वाजवत होते. काम चांगलं झालं होतं ना.

पण कायदा झाला. काठावर झाला, पण झाला.

त्यानंतर एका सकाळी मी वरच्या खोलीत कवळीचं माप द्यायला बसलो होतो. तोंडभर तो मापाचा गोळा, म्हणजे माझ्यासारख्या बडबड्याला मुस्कटदाबीच. तेवढ्यात धाकटे पिठाच्या हातांनी वर आले. मी बोलू शकत नाही म्हणजे मला ऐकूही येत नाही, असं दोघांनी गृहीत धरलं.

"जायचं का कचेरीत?" धाकटे म्हणाले.

"कशाला? आहे ते काय वाईट आहे?"

"मला तुझा भाऊ म्हणून मरायचं नाही."

"मरायचं कुठून काढलंस मध्येच?"

"डॉक्टर म्हणाला, छातीतलं यंत्र थकलंय."

दादांनी हातातली कानशी खाली ठेवली. मग म्हणाले, "मग तर नकोच. भाऊ म्हणून निदान तुझ्या उशाशी बसू देतील."

"आणि नंतर? लोक म्हणतील, भाऊ गेला बिचाऱ्याचा. भाऊ गेला की माणूस आठवड्याभरात कामाला लागतो. मला त्याहून जास्त हवंय."

दादांनी मान फिरवली. तोवर माझ्या तोंडातला गोळा इतका घट्ट झाला होता की काढताना माझे उरलेसुरले दोन दातही त्याच्याबरोबर निघाले. मी तक्रार केली नाही. एवढं ऐकायला मिळाल्यावर तेवढं द्यायलाच हवं.

दोघं कचेरीत गेले, बरोबर आम्ही चार टाळकी. साहेबांनी हसून खुर्च्या दिल्या.

"बोला दादा, कुणाचं लग्न?"

"आमचंच."

साहेबांनी चष्मा काढला. "तुमचं दोघांचं? दादा, कायदा नवा आहे, पण सख्ख्या भावांचं लावण्याइतका नवा नाही."

"आम्ही भाऊ नाही."

"असं कसं? तुमच्या आईचा संधिवात मी लहानपणापासून ऐकत आलोय!"

शिंपीण पुढे झाली. "आई माझी हो, साहेब. म्हणजे मी दिलेली." मास्तरांनी वडील परत घेतले. कायद्याला आपला विरोध कायम आहे, पण खोट्यालाही आहे, असं त्यांनी आधी नमूद केलं. साहेब एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. एका सकाळीत त्यांच्या बालपणाच्या भिंती पडत होत्या.

"आणि तो मामा?"

"तो माझा," मी म्हणालो.

"त्याची शंका होतीच मला," साहेब म्हणाले आणि डोळे पुसले.

साहेब माणूस सज्जन, पण नियमाला पक्के. त्यांनी नीट समजावून सांगितलं. आजवर सगळं गाव यांना भाऊ म्हणत आलंय. तेव्हा आधी दोघांनी शपथेवर सांगायचं की आम्ही एकमेकांचे कोणी नाही. साक्षीला गल्ली. मग महिनाभर कुणाची हरकत येते का ते बघायचं. मग लग्न.

"म्हणजे आज कोणी नाही," दादांनी विचारलं, "आणि महिन्याने नवरा?"

"बरोबर."

"आणि मधे?"

साहेबांनी थोडा विचार केला. "मधे कोणीच नाही."

धाकट्यांनी आधी हात वर केला. जणू पाव फुगलाय आणि आता काढलाच पाहिजे. दादांचा हात हळूहळू वर गेला. आम्ही सगळ्यांनी मोठ्या उत्साहाने साक्ष दिली: कोणी नाहीत, साहेब, अगदी कोणी नाहीत! भाऊपण जितकं मन लावून रचलं होतं, तितकंच मन लावून आम्ही ते पाडलं. बाहेर वार्ताहर उभा होता. दुसऱ्या दिवशी पेपरात दोघांचा फोटो आला आणि सगळ्या शहराला कळलं की हे भाऊ नाहीत.

महिना अर्धाही सरला नव्हता. धाकटे सकाळी पीठ मळता मळता परातीवरच ओणवे झाले. रुग्णवाहिकेत दादा त्यांच्या शेजारी बसले तेव्हा कुणी अडवलं नाही. अडवलं ते दवाखान्यात, अतिदक्षता विभागाच्या दारात.

"नातं?" परिचारिकेने विचारलं.

दादांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. इतकी वर्षं ते न अडखळता 'भाऊ' म्हणत आले होते.

परिचारिकेनेच त्यांना ओळखलं. "तुमचा फोटो बघितला मी पेपरात. फार छान केलंत हो, आमच्या घरी सगळ्यांना आवडलं. पण आत फक्त नातेवाईक. काय करणार काका, माझी नोकरी जाईल."

आम्ही साहेबांकडे धावलो. साहेब हातातलं काम टाकून, खिशात शिक्का घेऊन दवाखान्यात आले आणि बाकावर बसून राहिले. "शिक्का आहे," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "तारीख नाही. आजची तारीख घातली तर ते लग्नच होणार नाही. उद्या कुणीही येऊन मोडेल." मास्तर डॉक्टरांशी भांडून आले, प्रस्तावनेशिवाय. "मी त्यांच्या लग्नाच्या विरोधातच आहे," ते ओरडले, "पण त्याला आत सोडा!" डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दार लावलं. आमच्यातला जो तो आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या खोट्यावर निभावून नेत आला होता. त्या दिवशी एकालाही कामाला येईल असं खोटं सुचेना. सगळं शहर खरं वाचून बसलं होतं.

दुपारी एक गृहस्थ आले. थकलेले, हातात घडी घातलेला पेपर. काही विचारायची गरजच पडली नाही. बटाट्याचं नाक. धाकट्यांचे खरे थोरले भाऊ. घर सुटल्यापासून तोंड न पाहिलेले. फोटो पाहून भट्टी शोधत गेले आणि तिथून इथे आले. परिचारिकेने नाकाकडे पाहिलं, ओळखपत्र पाहिलं आणि दार उघडलं.

ते वाईट नव्हते हो. वाईट असते तर शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. ते आत गेले आणि थोड्या वेळाने गोंधळून बाहेर आले.

"तो काहीतरी बोलतोय. पण दात काढून ठेवलेत त्याचे. बोळक्या तोंडाने काय बोलतोय, काही लागत नाही. डॉक्टरांनाही नाही."

"मला लागतं," दादा झटकन उभे राहिले. "झोपताना दात काढल्यावरच तो खरं बोलायला सुरुवात करतो. गेली कितीक वर्षं. मला शब्द न् शब्द लागतो. मला फक्त दारापर्यंत येऊ द्या."

थोरल्यांनी परिचारिकेकडे पाहिलं. परिचारिकेने खाली पाहिलं.

"दात तरी लावा त्याला."

"कधीही घशात नळी घालावी लागेल. नाही चालत."

"मग तुम्ही ऐका," दादा थोरल्यांना म्हणाले, "आणि जसं ऐकलं तसंच्या तसं इथे येऊन मला बोलून दाखवा."

थोरले आत गेले, आले. म्हातारा माणूस आमच्यासमोर उभा राहून तोंड वाकडंतिकडं करून कसलेकसले आवाज काढू लागला. दादा डोळे मिटून ऐकत होते.

"नाही. तुमच्या तोंडात दात आहेत, आवाज अडकतोय. काढा पाहू."

"माझे खरे आहेत हो," थोरले अपराध्यासारखे म्हणाले.

तेव्हा मास्तरांनी दोन्ही कवळ्या काढून रुमालात गुंडाळल्या आणि ते दाराकडे निघाले. त्यांच्या बोळक्यातून जे आलं त्याचा अर्थ असा की मी जातो, मी ऐकतो, मी अगदी तसंच बोलून दाखवतो.

"आजोबा, तुमचं नातं?" परिचारिकेने विचारलं.

मास्तर काही बोलले. तिला कळलं नाही. दादांना कळलं. "विरोधक आहे म्हणतोय," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना रडू फुटलं.

थोरले तिसऱ्यांदा जाऊन आले. या वेळी त्यांनी ओठ आत ओढून, जीभ मागे घेऊन, घामाघूम होऊन तो आवाज आणला. शेवटी सूर जरासा वर चढला. दादांनी त्यांचा हात धरला.

"कळलं. सांगा त्याला, सगळं कळलं म्हणावं. आणि हो म्हणावं."

थोरले लगबगीने आत गेले. मास्तर कवळी बसवत जवळ आले. "काय म्हणाला तो?"

दादा दाराच्या काचेकडे बघत होते. काच दुधी होती. पलीकडे नुसता उजेड दिसत होता.

"काही कळलं नाही, मास्तर. शेवटी सूर वर गेला, म्हणजे प्रश्न असावा. म्हणून हो म्हटलं."

साहेबांनी खिशातला शिक्का काढला, बघितला, परत ठेवला.

दार उघडलं. थोरल्यांचा चेहरा उजळलेला होता.

"हो म्हटल्यावर हसला. खरंच हसला हो! आणि आता दुसरंच काहीतरी विचारतोय. मोठं आहे जरा."

"या," दादा म्हणाले, आणि त्या अनोळखी माणसाच्या तोंडाजवळ त्यांनी आपला कान नेला.