तिसऱ्या इंजेक्टरखालचा वायसर

काढलेले सुटे भाग मोजून ठेवणं हे शिकाऊ माणसाचं लक्षण, असं मिस्त्रींचं ठाम मत होतं. तीस वर्षं ते डिझेलची इंजिनं उघडत आले, पण काय काढलं, किती काढलं, याची मोजदाद त्यांनी कधी ठेवली नाही. सगळं एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात जायचं. काम संपल्यावर डब्यात चार-दोन नट उरलेच, तर ते कंपनीनं उगाच जास्तीचे लावले होते, असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे. गिऱ्हाईकही मान डोलवायचं. मिस्त्रींच्या तोंडाला लागण्यापेक्षा नट सोडून दिलेले बरे, एवढं शहाणपण गावाला आलं होतं.

त्या दिवशी गॅरेजात पिकअप उभी होती ती साक्षात व्याह्यांची. व्याह्यांचं फर्निचरचं दुकान. कपाटं-पलंग वाहून वाहून गाडीचा जीव मेटाकुटीला आलेला. सकाळी दहादा चावी फिरवावी तेव्हा ती खोकत सुरू व्हायची आणि मग गल्लीभर धूर करायची. डिझेल आत फवारणारे चारही इंजेक्टर गेले होते. घरचं काम बिघडलं तर एकटी बायको बोलते, पण व्याह्यांचं बिघडलं तर दोन्हीकडचं गोत बोलतं, हे जाणून मिस्त्रींनी सकाळी धुतलेला शर्ट घातला होता.

पण त्या गाडीबरोबर आणखी एक भानगड दारात आली होती. मिस्त्रींची लेक, म्हणजे व्याह्यांची सून, तिला हेच काम करायचं होतं. नवऱ्याची ना नव्हती, सासूचीही नव्हती. सासऱ्यांनी मात्र एक अट घातली होती: तुझ्या वडिलांनी माझ्यासमोर सांगावं की हिला काम येतं, मग खुशाल जा. एवढ्या एका वाक्यासाठी लेक महिनाभर माहेरी खेपा घालत होती आणि मिस्त्री महिनाभर विषय बदलत होते. कधी हवा, कधी गुडघे, कधी शेजाऱ्याचं कुत्रं.

काम तिला येतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सातव्या वर्षापासून ती त्यांच्या हाताखाली पाने ओळखायला शिकली. तेराव्या वर्षी तिनं एका गिऱ्हाइकासमोर त्यांची चूक दाखवली, आणि दुसऱ्याच दिवशी मुलीच्या जातीला हे काम शोभत नाही, असा त्यांना साक्षात्कार झाला.

तर मिस्त्रींनी इंजेक्टर बदलायला घेतले. वरच्या नळ्या सोडवल्या, क्लॅम्प काढले, एकेक इंजेक्टर हलवून हलवून उपसून काढला. प्रत्येक इंजेक्टरच्या टोकाला तांब्याचा एक पातळ, चकतीसारखा वायसर असतो. सिलिंडरातला जाळ आतल्या आत रोखायचं काम त्याचं. जुना वायसर पुष्कळदा भोकाच्या तळाशीच चिकटून राहतो, म्हणून नवा इंजेक्टर बसवण्याआधी आत टॉर्च मारून बघायचं असतं. मिस्त्रींना हे माहीत होतं. पण माहीत असणं आणि वाकून बघणं यांत एका कमरेचं अंतर असतं, आणि मिस्त्रींची कमर अलीकडे कुणाचंच ऐकत नव्हती. जुनं सगळं डब्यात गेलं, नवे चार इंजेक्टर नव्या वायसरांसकट जागेवर बसले.

गाडी सुरू झाली. धूर कमी होता, पण बोनेटखालून फस्‌-फस्‌ असा आवाज येत होता, कुणीतरी सारखं नाक मुरडत असल्यासारखा. मिस्त्रींनी बोनेट लावून टाकलं. आवाज निम्मा झाला, म्हणजे निम्मा बिघाड दुरुस्त झाला असं समजून त्यांनी व्याह्यांना फोन केला आणि पाच वाजता गाडी न्यायला या म्हणून सांगितलं.

लेक तीनलाच आली. ती आली ती पुन्हा तेच वाक्य मागायला. पण फाटकातच थांबून तिनं आवाज ऐकला आणि न विचारता बोनेट उघडलं. मिस्त्री म्हणाले, नवे पार्ट आहेत, बसायला वेळ घेतात. तिनं बिस्किटाचा डबा फडक्यावर उपडा केला आणि आतली अडगळ बोटानं बाजूला सारत काजळलेले वायसर वेगळे काढले.

"बाबा, जुने वायसर तीनच आहेत."

मिस्त्री म्हणाले, एखादा गेला असेल कुठं घरंगळत. ती म्हणाली, गेला नाही, तिसऱ्याच्या खाली बसलाय, काजळी तिथंच उडतेय बघा. मिस्त्रींनी बघितलं. काजळी उडत होती. एवढं ढळढळीत दिसत असताना आपल्याला का दिसलं नाही, याचा त्यांना खरोखर राग आला, आणि तो राग त्यांनी ताबडतोब लेकीवर काढला: बायकांनी बोनेटात डोकं घातलं की गाडीला असंच काहीतरी सुचतं.

ती तोवर ओढणी कमरेला खोचून कामाला लागली होती. इंजिन निवेपर्यंत थांबली, मग तिसरा इंजेक्टर सोडवला, अलगद वर काढला. भोकात अंधार होता. एका हातात वाकवलेली तार, दुसऱ्या हातात फडकं. तिसरा हात तिला देवानं दिला नव्हता. "टॉर्च धरा," ती म्हणाली. आणि तीस वर्षं दुसऱ्यांना टॉर्च धरायला लावणारे मिस्त्री निमूटपणे टॉर्च धरून उभे राहिले. थोडं डावीकडे, ती म्हणाली. त्यांनी डावीकडे धरला. हलवू नका, ती म्हणाली. ते हलले नाहीत.

तारेच्या टोकाला अडकून काळा वायसर वर आला. तिनं तळ पुसला, पुन्हा आत बघितलं, ताजा वायसर लावून इंजेक्टर बसवला, क्लॅम्प मोजून-मापून आवळला. गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली आणि एका लयीत चालू लागली. मिस्त्रींचा ऊर भरून आला. इतका सुरेख हात आपल्या पोटच्या पोरीचा आहे, असं त्यांना वाटलं, आणि क्षणभर त्यांना खूप बरं वाटलं. मग फाटकाकडून व्याही येताना दिसले आणि तो क्षण संपला.

लेक नळावर हात धूत होती. व्याह्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, कान देऊन ऐकलं, मान हलवली.

"झकास झालंय, मिस्त्री. काम कुणी केलं?"

लेकीनं नळ बंद केला. तिला हवं असलेलं वाक्य मिस्त्रींच्या जिभेवर येऊन बसलं होतं, फक्त तोंड उघडायचं होतं. पण त्याच्यामागोमाग दुसरं वाक्य आलं: मग मिस्त्रींनी काय केलं? गाव हेच विचारणार, गोत हेच विचारणार. मिस्त्री घसा खाकरून हसले.

"आता आमच्याशिवाय कोण करणार? ही होती म्हणा, टॉर्च धरायला."

व्याही हसले नाहीत. त्यांनी फाटकाजवळच्या टायरांच्या ढिगाकडे बोट केलं.

"मी अर्ध्या तासापासून तिथं उभा होतो. टॉर्च कुणाच्या हातात होता, ते बघितलंय मी. फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातातला टॉर्च अजून चालूच होता, तो त्यांनी विझवला. व्याही सुनेकडे वळून म्हणाले की अट मी मागे घेतली, तुला हवं तिथं काम कर. तेव्हा मिस्त्री घाईघाईनं पुढे झाले. इथंच ये की उद्यापासून, जागा पुष्कळ आहे, सगळं तुझंच आहे, असं बरंच काही त्यांनी एका दमात सांगून टाकलं. महिनाभरात जे निघालं नव्हतं ते आता भडाभडा निघत होतं.

लेकीनं ओढणी सोडून हात कोरडे केले.

"पंपाशेजारच्या गॅरेजवाल्यांनी मला महिन्यापूर्वीच बोलावलंय, बाबा. आधी वडिलांना विचारते, म्हणून थांबले होते. आता तिकडेच जाते. तिथं टॉर्च भिंतीलाच अडकवलेला असतो."