हजेरीतल्या अकरा नंबरची दाढ

मी एक जुना आरसा आहे. पण मित्रांनो, भांग पाडायच्या आरशांत मला धरू नका. माझा चेहरा रुपयाच्या नाण्याएवढा, आणि त्याला एक वीतभर स्टीलचा दांडा. बाकीचे आरसे भिंतीवर लटकून कुणी आपल्यासमोर येण्याची वाट बघतात. मी थेट लोकांच्या तोंडात शिरतो आणि त्यांना जन्मात न दिसलेलं दाखवतो. त्यामुळे माझ्या बोलण्यात थोडा ताठा जाणवला तर तो खराच आहे, असं समजा.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. जन्मल्या जन्मल्याच मला कागदात गुंडाळलं होतं. तो कागद सुटला तो पुसदच्या सरकारी दवाखान्यात, दातांच्या खोलीत. तिथे रोज गरम वाफेने माझी आंघोळ व्हायची. इतकी स्वच्छता राजेमहाराजांच्याही नशिबी नसेल. काम मात्र राजाला शोभणारं नव्हतं. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला खर्रा आमच्या जिल्ह्यात पानठेल्यापानठेल्यावर मिळतो, आणि तो खाऊन खाऊन काहींची तोंडं दोन बोटंही उघडत नसत. मी कसाबसा आत शिरायचो आणि वाईट बातमी घेऊन बाहेर यायचो. खरं सांगतो, त्या दिवसांत मला माझ्या कामाचा कंटाळा आला होता.

मग प्रेरणा डॉक्टरांनी मला मागून घेतलं. त्या गावोगावच्या अंगणवाड्या आणि शाळांमध्ये मुलांची तपासणी करायला जायच्या. त्यांच्या पेटीत वजनकाटा, उंचीची पट्टी, बॅटरी असं पुष्कळ सामान होतं. तरी पेटी बंद करताना त्या आधी मलाच शोधायच्या. मुलांच्या तोंडात शिरताना मला फार बरं वाटायचं. कुणी बोरं खाल्लेली असायची, कुणी खिचडी. कुणाला माझा गार स्पर्श लागला की गुदगुल्या व्हायच्या, आणि मग एवढ्याशा तोंडातून एवढं मोठं हसू यायचं की मीच धुरकट होऊन जायचो.

अशाच एका शाळेत मला उर्वशी भेटली. उमरखेड तालुक्यातलं गाव, जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा, आणि उर्वशी चौथीत. तिचे आईवडील कामासाठी तिकडे वणीजवळ राजूरला राहायचे आणि ती इथे आजोबांकडे, म्हणजे डोमाजींकडे. सगळं गाव त्यांना आबाजी म्हणायचं. उर्वशीने तोंड उघडलं आणि मला खालच्या बाजूला, अगदी मागे, एका दाढेत काळा खड्डा दिसला.

मित्रांनो, या दाढेची गंमत अशी की ती सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप येऊन बसते. तिच्या जागी आधी कोणताच दात पडलेला नसतो. म्हणून घरच्यांना वाटतं, हीसुद्धा दुधाचीच, पडेल आपोआप आणि येईल दुसरी. पण ती जन्माची असते. गेली की गेली.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, पुसदच्या दवाखान्याचं नाव घातलं आणि ती उर्वशीबरोबर घरी पाठवली. दवाखान्यातून एक दिवस गाडीही येणार होती. आमचं काम झालं, असं समजून मी पेटीत निवांत पडलो. गाडी त्या गावात गेली तेव्हा उर्वशी आलीच नाही. आबाजींनी निरोप दिला, दुधाची दाढ आहे, पडून जाईल.

तीन महिन्यांनी आम्ही त्याच गावात अंगणवाडीच्या मुलांसाठी गेलो. अंगणवाडी शाळेच्याच आवारात होती. डॉक्टरांनी उर्वशीला आठवणीने बोलावून घेतलं. ती आली ती एका बाजूचा गाल धरून. तिच्या वर्गाचे इंद्रजित सर म्हणाले की हल्ली ती डबासुद्धा एकाच बाजूने खाते आणि वर्गात गप्प असते. मी तिच्या तोंडात शिरलो. खड्डा वाढला होता. पण त्याने मी हादरलो नाही, खड्डे मी पुष्कळ पाहिले होते. मी हादरलो ते खड्ड्यात ठासून बसलेली तंबाखूची बारीक पानं पाहून. ज्या तोंडांपासून सुटून मी या पेटीत आलो होतो, त्या तोंडांची सुरुवात मला नऊ वर्षांच्या मुलीत दिसत होती. लाजायचं काही कारण नसताना मला स्वतःचीच लाज वाटली.

डॉक्टर तिला रागावल्या नाहीत. त्यांनी हळूच विचारलं आणि उर्वशीने खालमानेने सांगितलं. एकदा फार दुखत होतं तेव्हा आबाजींनी चिमूटभर तंबाखू दाढेत दाबली होती, त्याने बधिर वाटलं. पुढे दुखलं की ती आबाजींच्या पिशवीतून आपली आपणच घ्यायला लागली. डॉक्टरांनी सरांना सांगून आबाजींना बोलावणं धाडलं.

आबाजी तुरीच्या वावरातून तसेच आले. उंच, ताठ माणूस, मातीने मळलेलं धोतर. त्यांनी खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. ती आमचीच चिठ्ठी होती. तीन महिने त्यांनी ती जपून ठेवली होती, नुसती वापरली नव्हती.

"म्याडम, पोरगी दुखून राह्यली हे मले दिसत नाई का?" ते म्हणाले. "पन इचं नाव ना माह्या कारडात हाये, ना इच्या बापाच्या. नाव नसलेल्या लेकराले सरकार कायले पाहीन?"

मग सगळा उलगडा झाला. मुलगा कपिल राजूरला गेला तेव्हा त्याने रेशनकार्ड वेगळं करायचं ठरवलं. उर्वशीचं नाव आबाजींच्या कार्डातून निघालं आणि नव्यात घालायचा अर्ज करायचा राहूनच गेला. मध्यंतरी एका दुसऱ्याच कामासाठी आबाजी तिला घेऊन दिवसभर रांगेत उभे राहिले, आणि कार्डात नाव नाही म्हणून चारचौघांत परत फिरले. नातीसमोर पुन्हा तसं परत फिरायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. दुधाच्या दाढेची गोष्ट त्यांनी लोकांना सांगायला पुढे केली, आणि सांगता सांगता स्वतःलाही पटवून घेतली.

डॉक्टर म्हणाल्या, "आबाजी, मी तुम्हाले कार्ड मांगितलं का?"

त्यांनी सरांकडून हजेरीचं पुस्तक घेतलं आणि आबाजींसमोर उघडलं. सरांनी बोट ठेवून वाचलं, "अकरा. उर्वशी कपिल खंदारे."

"झालं," डॉक्टर म्हणाल्या. "या कामाले एवढंच नाव लागते. लेकरू अंगणवाडीत असो का सरकारी शाळेत, अठरा वर्षांपर्यंत त्याची तपासणी अन् दवाखान्यातला इलाज फुकट होते. कार्ड पिवळं का पांढरं, कोनी इचारत नाही."

आबाजी त्या पुस्तकाकडे बघत राहिले. तेव्हा डॉक्टरांनी मला त्यांच्या हातात दिलं. त्यांच्या राठ बोटांत माझा दांडा काडीसारखा वाटत होता. डॉक्टरांनी बॅटरी धरली, उर्वशीने तोंड उघडलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हाताने काम केलं. मी होती नव्हती ती सगळी चमक पणाला लावली. त्यांना खड्डा दिसला, आणि खड्ड्यात त्यांच्याच पिशवीतली तंबाखू दिसली.

"पह्यली चिमूट म्याच देल्ली," ते म्हणाले आणि मला हळूच डॉक्टरांच्या हातात परत दिलं.

दुसऱ्या दिवशी गाडीत उर्वशीच्या शेजारी आबाजी बसले होते, आणि डॉक्टरांच्या पेटीत मी होतो. पुसदला दातांच्या डॉक्टरांनी कीड काढली. ती दाढेच्या आतल्या शिरेपर्यंत पोचायला केसाएवढं अंतर उरलं होतं. त्यांनी दाढ भरली आणि दाढ वाचली. त्या सगळ्या वेळात माझ्यातूनच बघणं चाललं होतं, हे मी मुद्दाम सांगतो, कारण ते खरं आहे. परतताना उर्वशीने दोन्ही बाजूंनी फुटाणे खाल्ले. आबाजींनी तंबाखूची पिशवी कुठे ठेवली ते मला माहीत नाही, पण त्यांच्या खिशात ती मला पुन्हा दिसली नाही. प्रेरणा डॉक्टरांनीही आपली चूक मनाला लावून घेतली. त्या दिवसापासून प्रत्येक चिठ्ठीवर त्या लाल पेनने लिहायला लागल्या, 'रेशनकार्ड लागत नाही.'

पुढे माझ्या काचेवर चरे पडले. पेटीत नवा आरसा आला आणि मी काही महिने एका खणात तुटक्या कात्रीशेजारी पडून राहिलो. ते दिवस मी मोजत नाही. एकदा खण आवरताना डॉक्टरांना मी सापडलो आणि त्यांनी मला उर्वशीच्या शाळेला देऊन टाकलं, दातांचा धडा शिकवायला. अट एकच, पाण्यात चांगलं उकळल्याशिवाय मला कुणाच्या तोंडात घालायचं नाही. आता मी सरांच्या टेबलावर काचेच्या बरणीत राहतो.

यंदा जूनमध्ये आबाजी पुन्हा शाळेत आले. आता उर्वशी सातवीत गेली आहे, शेजारच्या गावी शिकते. त्यांच्याबरोबर राजूरहून आलेली तिची धाकटी बहीण खुशी होती, पहिलीत घालायला आणलेली. सरांनी तिला खाऊ दिला, नाव विचारलं, गप्पा सुरू केल्या. आबाजी मात्र बसेनात.

"सर, पह्यले नाव चढवा," ते म्हणाले. "बाकी मंग."

सरांनी नाव लिहिलं. आबाजींनी पुस्तक आपल्याकडे फिरवून घेतलं आणि त्या ओळीवर बोट ठेवून अक्षर अन् अक्षर वाचलं. मगच ते खुर्चीवर टेकले आणि बरणीकडे पाहून म्हणाले, "आता याले उकळा."

मी उकळलो, निवलो, आणि खुशीच्या तोंडात शिरलो. अगदी मागे हिरडीतून नुकतीच एक दाढ वर आली होती. माझ्या चरे पडलेल्या काचेतही ती स्वच्छ, पांढरी दिसली. आबाजींनी ती डोळे भरून पाहिली.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या तोंडात काही मी येऊ शकत नाही. म्हणून आज घरी गेलात की उजेडात उभे राहा, आ करा, आणि तुमच्या मागच्या दाढा आईला, बाबांना, आजोबांना दाखवा. दुखत असेल तर लपवू नका आणि त्यात काही दाबूही नका. घरचं कुणी म्हणालं की तुमचं नाव कुठेच नाही, तर त्यांचं बोट धरून शाळेत आणा आणि हजेरीचं पुस्तक उघडायला सांगा. तुमचं नाव तिथे आहे. तुम्ही रोज त्याला 'हजर' म्हणता.